सोनकी की कॉसमॉस?

प्रश्न : गणपतीनंतर सिंहगड चढताना पायथ्याला आणि वरच्या उतारावर पिवळी फुलं भरभरून दिसली. ही सोनकीच ना? बी आणून गच्चीत पेरली तर येईल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : वरच्या उतारावरची बहुधा सोनकी. पायथ्याच्या रस्त्याकडेला मात्र कॉसमॉस असण्याची शक्यता जास्त. दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातली, म्हणून घोटाळा होतो. मी फुलाआधी पान बघते. कॉसमॉसचं पान झेंडूसारखं खोल चिरलेलं, सोनकीचं अखंड, कडेला दातेरी. कॉसमॉस पुरुषभर उंच वाढतो, त्याच्या पाकळ्या केशरीकडे झुकतात. सोनकी गुडघ्याच्या आसपासच थांबते आणि तिचा पिवळा लख्ख असतो. फूल सुकल्यावर तर शंकाच उरत नाही. कॉसमॉसचं बी काळं, सुईसारखं लांब. सोनकीच्या बारीक बीला पांढऱ्या केसांचा झुबका, वाऱ्यावर उडायला.

कॉसमॉस मूळचा मेक्सिकोचा, बागेतून डोंगरावर पसरलेला. सोनकी आपल्या सह्याद्रीची. पावसाबरोबर रुजते, सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलते, बी टाकून वाळून जाते. पुढच्या वर्षीची सगळी सोनकी त्या बियांतूनच यायची असते, त्यामुळे गडावरून बी आणू नका, ही माझी कळकळीची विनंती. कासच्या पठारावर तर फूल तोडायलाही मनाई आहे. आणि गच्चीत कॉसमॉस असेल तर बी धरण्याआधी उपटा.