सेमिनारचा विषय : शुद्ध की उपयोजित?

गणिताच्या एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला पाऊण तासाचा सेमिनार द्यायचा आहे आणि ‘फूरिये विश्लेषण’ (फलनांची साध्या लहरींत फोड करण्याचे शास्त्र) व ‘भरती-ओहोटीचे गणित’ यांपैकी कोणता विषय घ्यावा, असा आपण रत्नागिरीहून प्रश्न विचारला आहे. माझ्या मते ही शीर्षके सेमिनारची नव्हेत, जाडजूड पुस्तकांची आहेत. पाऊण तासात एक प्रमेय, फळ्यावर पूर्ण होणारी त्याची सिद्धता आणि एक खरे उदाहरण एवढेच मावते. ते प्रमेय ठरले की विषय शुद्ध गणिताचा की उपयोजित (व्यवहारात वापरायच्या) गणिताचा, हा वाद फारसा उरत नाही.

असे प्रमेय आपल्या दोन्ही विषयांच्या सीमेवरच आहे. किनाऱ्यावरच्या पाण्याची पातळी ही अनेक कोसाइन लहरींची बेरीज मानली जाते. त्यांपैकी चंद्रामुळे येणाऱ्या मुख्य लहरीचा आवर्तकाल (एक फेरा पुरा होण्याचा वेळ) १२.४२ तास, तर सूर्यामुळे येणाऱ्या मुख्य लहरीचा १२ तास असतो. या दोन लहरी पुन्हा एकमेकींशी जुळायला किती वेळ लागतो, हे पाहण्यासाठी १/१२ मधून १/१२.४२ वजा करून व्यस्त घेतल्यास सुमारे ३५५ तास, म्हणजे पावणेपंधरा दिवस येतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग (म्हणजे सर्वांत कमी चढउताराची भरती-ओहोटी), हे जे मिरकरवाडा बंदरातल्या खलाशांना तोंडपाठ असते, ते असे दोन ओळींत फळ्यावर उतरते.

आता प्रश्न असा की, या दोन लहरींची बेरीज स्वतः आवर्ती आहे का, म्हणजे ठरावीक वेळाने तंतोतंत तशीच परत येते का? दोन्ही आवर्तकालांचे गुणोत्तर अपरिमेय (दोन पूर्णांकांच्या भागाकाराने न मांडता येणारे) असेल तर नाही, आणि सिद्धता अगदी छोटी आहे. शून्य वेळी दोन्ही कोसाइन १ असल्याने बेरीज कमाल असते. बेरजेला आवर्तकाल असता तर तेवढ्या वेळानंतरही ती कमाल असती, म्हणजे दोन्ही कोसाइन पुन्हा १ झाले असते, आणि मग गुणोत्तर परिमेय ठरले असते. येथून गणिती हाराल्ड बोर यांच्या ‘जवळजवळ आवर्ती’ फलनांकडे वळावे : कितीही लहान त्रुटी ठरवली, तरी पुरेशा लांबीच्या प्रत्येक कालखंडात असा एक काळ सापडतो, की फलन तेवढे पुढे सरकवले असता ठरलेल्या त्रुटीच्या आत ते मूळ फलनाशी जुळते. दोन लहरींपुरती याची सिद्धता पिजनहोल तत्त्वाने (खणांपेक्षा वस्तू जास्त असतील तर एका खणात किमान दोन वस्तू येणारच) होते आणि ती फळ्यावर मावते.

मोजून काढलेल्या संख्यांचे गुणोत्तर अपरिमेय आहे हे कशावरून, असे परीक्षक हमखास विचारतील. मोजमापावरून ते कधीच ठरत नाही, हे सरळ सांगावे. पण बोर यांच्या प्रमेयाला त्याची गरजच पडत नाही, कारण गुणोत्तर परिमेय असले तरी निष्कर्ष खराच राहतो. इतिहास दोन मिनिटांत उरकावा. लॉर्ड केल्व्हिन यांनी १८७० च्या दशकात भरतीचे भाकीत करण्यासाठी कप्प्यांच्या साहाय्याने कोसाइनांची बेरीज करणारे यंत्र घडवले आणि १८७९ मध्ये हिंदुस्थानातील बंदरांसाठीही असे यंत्र तयार झाले, एवढे पुरे.

सिद्धता स्लाइडवर दाखवू नये, खडूनेच लिहावी. हाताच्या वेगाने गेल्याशिवाय ऐकणाऱ्याला ती धरता येत नाही. स्लाइड भरतीच्या आलेखापुरती ठेवावी.

विश्लेषण नकोच असेल, तर डहाणूला जन्मलेले गणिती द. रा. कापरेकर यांच्या वाटेने जाता येईल : संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करायची आणि उत्तरावर तेच पुन्हापुन्हा करायचे; चार अंकांच्या संख्या अशा ६१७४ वर, तर तीन अंकांच्या ४९५ वर थांबतात. मात्र ६१७४ घेऊ नये, कारण तेथे पुष्कळ प्रकरणे तपासत बसावे लागते. तीन अंकांचे ४९५ घ्यावे. सर्व अंक सारखे नसलेल्या संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी केली, की उत्तर नेहमी ९९ गुणिले (सर्वांत मोठा अंक वजा सर्वांत लहान अंक) एवढे येते. म्हणजे पहिल्या पायरीनंतर ०९९ पासून ८९१ पर्यंतच्या नऊच संख्या तपासायच्या उरतात आणि त्या सर्व ४९५ वर येऊन थांबतात.