६जीच्या लहरी कंपन्यांना फुकट देऊन त्या बदल्यात गावोगावी टॉवर का उभारून घेत नाहीत?

तुमचा प्रश्न असा आहे की ५जीच्या लिलावात सरकारने दीड लाख कोटी घेतले, तरी खेड्यात रेंज नाही. मग ६जीच्या वेळी लिलावच कशाला? लहरी फुकट द्या आणि टॉवर उभारायला लावा.

मी कोल्हापुरात राहतो. गेली अकरा वर्षं मोबाइल नेटवर्कची तपासणी करतो. गाडीत लॅपटॉप, त्याला जोडलेले चार फोन, आणि कुठल्या वळणावर सिग्नल किती पडला याची नोंद, हे रोजचं काम. त्या अनुभवावरून सांगतो: लहरी फुकट देऊ नयेत. पण महाग करून पडूनही ठेवू नयेत. आणि आपल्या डोंगरी तालुक्यांचं खरं नुकसान या दुसऱ्या चुकीने झालंय.

गेल्या मे महिन्यात गगनबावडा तालुक्यातल्या एका वाडीवर होतो. एका घराच्या सोप्याला मधल्या खांबाला खिळा ठोकलेला आणि त्याला कापडी पिशवीत फोन टांगलेला. घरातल्या आज्जी म्हणाल्या, "हितं टांगला तरच वाजतोय. आत न्हेला की तुटतोय. पोराचा फोन आला की हितंच उभं ऱ्हायाचं." मी आमचा फोन त्या खिळ्यापाशी धरला. उणे ११२ डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं माप). मग आज्जींना विचारून आत चुलीपाशी गेलो. उणे १२५. मधे फक्त एक जांभ्याची भिंत आणि दहा-बारा पावलं. डीबीएममध्ये दर ३ आकड्यांना सिग्नल निम्मा होतो, म्हणजे १३ आकड्यांत तो वीसेक पट घटला. उणे १२०च्या खाली गेलं की बोलणं तुटायला लागतं. आज्जींनी तो खिळा कुठलंही यंत्र न वापरता अगदी बरोबर जागी ठोकला होता.

आता महत्त्वाचं. त्या वाडीला टॉवर नव्हता असं नाही. चार किलोमीटरवर, मधल्या डोंगराच्या पलीकडे होता. पण त्यावर १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झचे बँड, म्हणजे लहरींचे पट्टे, चालू होते, ७००चा नव्हता.

याने काय फरक पडतो? ७०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण ४३ सेंटीमीटर, म्हणजे आपल्या हाताएवढी. ५जीचा मुख्य बँड ३३०० मेगाहर्ट्झचा, तिथे ती ९ सेंटीमीटर होते. २६ गिगाहर्ट्झला, म्हणजे २६,००० मेगाहर्ट्झला, सव्वा सेंटीमीटरहूनही कमी. लांब लहर डोंगराच्या कडेवरून वळून खाली उतरते, भिंतीतून बऱ्यापैकी आत शिरते. आखूड लहर पान, भिंत, माणसाचं अंग, सगळ्याला अडते. मोकळ्या हवेतसुद्धा, ताकद, अंतर आणि दोन्हीकडच्या अँटेनाची क्षमता सारखी धरली, तर ७००चा सिग्नल ३३००च्या सुमारे २२ पट जोरात पोचतो. नव्या ५जी टॉवरवरचे मोठे अँटेना ही तूट थोडी भरून काढतात, पण डोंगर काही बाजूला होत नाही.

मग सगळीकडे ७००च का नाही? कारण तिथे जागाच थोडी. एका कंपनीच्या वाट्याला त्यात जायला १० आणि यायला १० मेगाहर्ट्झ येतात, तर ३३००मध्ये १००चा सलग पट्टा मिळतो. कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या काठावर संध्याकाळी शेकडो लोक एकाच वेळी व्हिडिओ बघत असतात, तिथे असा रुंद पट्टाच लागतो. मी तिथे ६०० एमबीपीएस मोजलेत. वाडीवरच्या आज्जींना ६०० नकोत, पोराचा आवाज चुलीपाशी ऐकू यायला हवा. शहराला रुंदी लागते आणि डोंगराला पोच. स्पेक्ट्रमच्या, म्हणजे या लहरींच्या, वाटपाचा बहुतेक वाद या दोन गरजांमधला असतो.

या ७००च्या बँडचं आपण काय केलं ते बघा. २०१६च्या लिलावात त्याची राखीव किंमत, म्हणजे बोली जिथून सुरू होते ती किमान किंमत, देशभरासाठी एका मेगाहर्ट्झला ११,४८५ कोटी रुपये ठेवली. एकाही कंपनीने बोली लावली नाही. २०२१मध्ये ती ६,५६८ कोटींवर आणली, तरी कुणी घेतला नाही. २०२२मध्ये ३,९२७ कोटींवर आली, तेव्हा जिओने सगळ्या २२ सर्कलमध्ये (लिलावासाठी देशाचे पाडलेले विभाग) घेतला. पुढे जून २०२३मध्ये बीएसएनएललाही केंद्र सरकारने ७००च्या लहरी लिलावाशिवाय दिल्या. म्हणजे २०१६ ते २०२२, सहा वर्षं, डोंगर ओलांडणाऱ्या या लहरी देशभर पडून होत्या. सरकारला पैसा नाही, कंपन्यांना लहरी नाहीत, वाडीला रेंज नाही.

आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला हे पाण्याच्या हिशोबाने चटकन कळेल. राधानगरीत पावसाळ्यात साठवलेलं पाणी मार्चमध्ये उसाला मिळतं. लहरींचं तसं नाही. त्यांना धरण बांधता येत नाही. २०१७ साली जी लहर वापरली नाही ती २०२२ला जास्तीची मिळत नाही, ते वर्ष गेलं ते गेलं. म्हणून "भाव येईपर्यंत थांबू" हा विचार जमिनीला लागू पडेल, लहरींना नाही. दुर्दैवाने किंमत ठरवताना आपण लहरींकडे जमिनीसारखंच पाहिलं. २०२२मध्ये ६०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे आणखी लांब पोचणारा बँडही लिलावात होता. त्याला एकही बोली आली नाही. तो चालणारे फोन आपल्याकडे फारसे नव्हते हेही कारण खरं, पण परिणाम तोच.

आता फुकट देण्याबद्दल. १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्या मर्यादित आहेत आणि मागणारे जास्त, मग कुणाला द्यायच्या हे कुणीतरी ठरवायलाच लागतं. २००८मध्ये "आधी येईल त्याला आधी" या पद्धतीने आणि २००१च्या दराने परवाने वाटले गेले. त्यातले १२२ परवाने २ फेब्रुवारी २०१२ला न्यायालयाने रद्द केले. स्वस्तात मिळालेली वस्तू कुणाला मिळाली आणि का मिळाली, याचं उत्तर तेव्हा कुणाला देता आलं नाही. पाणीपुरवठा संस्थेत पाळी उघडपणे लावली नाही तर पाटकऱ्याच्या मर्जीतलं शेत आधी भिजतं. लिलावात निदान बोली सगळ्यांसमोर होते. २०२२चा लिलाव सात दिवस, ४० फेऱ्या चालला. कुणी किती मेगाहर्ट्झ कितीला घेतला ते सगळ्या देशाला कळलं. एवढा उघडेपणा मला सोडवत नाही.

माझा आक्षेप दोन गोष्टींना आहे. पहिली, लांब पोचणाऱ्या बँडची राखीव किंमत. दुसरी, सर्कलचा आकार. आपला जिल्हा महाराष्ट्र सर्कलमध्ये येतो आणि त्यात मुंबई सोडून अख्खा महाराष्ट्र आणि गोवा आहे. कंपनी बोली लावते ती पुणे, नाशिक, नागपूरचा धंदा धरून. त्याच पैशात गगनबावडा, भुदरगड, चंदगडही तिच्या हक्कात येतात, पण तिथे लहरी वापरल्या काय आणि न वापरल्या काय, तिच्या ताळेबंदात फारसा फरक पडत नाही. जाळं उभारण्याच्या किमान अटी असतात, पण माझ्या मते त्या तालुकावार आणि बँडवार हव्यात. ७०० घेतलास तर डोंगरी तालुक्यातल्या टॉवरवर अमुक वर्षांत तो चालू दिसला पाहिजे, अशी अट. किंमत कमी घ्या, अट कडक ठेवा. तुमच्या "टॉवर उभारून घ्या"शी मी इथे पूर्ण सहमत आहे. २०२३च्या दूरसंचार कायद्यात योग्य कारणाशिवाय न वापरलेला स्पेक्ट्रम परत घेण्याची तरतूद आहेच. ती वापरली जावी.

(सर्कल म्हणजे काय ते बघायचं असेल तर कागलहून निपाणीकडे जाताना फोनवर लक्ष ठेवा. कोगनोळीच्या आसपास कर्नाटक सर्कल लागतं, आणि त्याच कंपनीकडे तिथे वेगळे बँड, वेगळी रुंदी असू शकते. मी वेग शंभर पावलांत दुप्पट झालेला पाहिलाय.)

६जीचं सांगायचं तर कुठल्या लहरी मोबाइलला द्यायच्या याचा पहिला निर्णय दिल्लीत होत नाही, आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जागतिक परिषदेत होतो. २०२३ची परिषद दुबईला झाली, पुढची २०२७मध्ये शांघायला आहे. तिथे ४.४ ते ४.८, ७.१२५ ते ८.४ आणि १४.८ ते १५.३५ गिगाहर्ट्झ या पट्ट्यांचा विचार व्हायचा आहे. तिथे आधीपासून उपग्रह आहेत, रडार आहेत. ४.४च्या अगदी खाली विमानाची उंची मोजणारं उपकरण चालतं. याच उपकरणामुळे नोव्हेंबर २०२२मध्ये विमानतळांच्या धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटरपर्यंत ३३००चे ५जी टॉवर उभारू नयेत असा आदेश निघाला होता. म्हणजे लहर देताना शेजारी कोण आहे हेही बघावं लागतं, नुसता दर ठरवून भागत नाही.

पण यादी पुन्हा वाचा. सगळे पट्टे आखूड लहरींचे आहेत. ते रंकाळ्याला, राजारामपुरीला, शिरोलीच्या कारखान्यांना उपयोगी पडतील. डोंगराच्या पलीकडे ६जी पोचलं तर ते ७०० आणि ६००वरूनच पोचेल. म्हणून पुढच्या लिलावाच्या बातमीत एकूण किती कोटी आले हे वाचू नका. ६००चं काय झालं ते वाचा.

बँड मिळाला म्हणजे झालं असंही नाही. घाटात फायबर तुटतं, पावसाळ्यात तीन-तीन दिवस वीज नसते, टॉवरची बॅटरी संपते. त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल.

तुमच्या गावात काय चालू आहे ते तुम्हालाच बघता येईल. फोनवर नेटवर्क मॉनिटर प्रकारचं एखादं फुकट अ‍ॅप घ्या. बँडच्या जागी २८ दिसला तर ७००, ७८ दिसला तर ३३००, ३ म्हणजे १८०० आणि ४० म्हणजे २३००. घराबाहेर आणि चुलीपाशी, दोन्हीकडचा डीबीएम तारखेसह लिहून ठेवा. प्रत्येक लिलावाआधी ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, किंमत आणि अटींबद्दल सल्लामसलतीची कागदपत्रं काढतं आणि कुणाकडूनही लेखी मतं घेतं. मी त्या वाडीच्या नोंदी, खिळ्याच्या फोटोसकट, तयार ठेवल्यात. तुमच्या गावच्या नोंदी खाली लिहिल्यात तर त्याही जोडतो.