लग्न मुलीचं, टेन्शन भावकीला (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : आम्ही साताऱ्याकडचे. मुलगी पुण्यात नोकरी करते, तिला वसईच्या एका कॅथलिक मुलाशी लग्न करायचंय. मुलगा चांगला आहे, आमची दोघांची ना नाही. पण दीर आणि भावकी म्हणते, गावात सगळे गुण्यागोविंदाने राहतात, उगाच वातावरण कशाला बिघडवता. मुलीला धर्म बदलावा लागेल का? आणि ते नोटिशीचं काय असतं? – एक आई

उत्तर : ताई, धर्म बदलावा लागत नाही. १९५४ चा विशेष विवाह कायदा त्यासाठीच आहे, दोघं आपापल्या धर्मात राहून लग्न करू शकतात. त्याआधी १८७२ चा कायदा होता, त्यात सुरुवातीला ‘मी हिंदू नाही, ख्रिश्चन नाही, मुसलमान नाही’ असं लिहून द्यावं लागायचं, म्हणजे लग्न करायचं तर आधी आपलाच धर्म नाकारा, ती भानगड आता नाही.

मुलाकडच्यांना चर्चमधलं लग्नही हवं असेल तर तेही तुमच्या मुलीने बाप्तिस्मा न घेता होऊ शकतं, फक्त बिशपांची खास परवानगी लागते. आणि त्यात एक गोष्ट आहे जी लोक आधी बोलत नाहीत. मुलं कॅथलिक म्हणून वाढवायला मी होईल तेवढा प्रयत्न करीन असं मुलाला कबूल करावं लागतं आणि हे तुमच्या मुलीला आधीच सांगितलं जातं. मग हे बारशाच्या वेळी भांडण म्हणून निघण्यापेक्षा आत्ताच दोघांनी चहा घेत बसून नीट बोलून घेतलेलं बरं, माझ्या मते तुमच्या घरातला खरा प्रश्न हा आहे, भावकी नंतर.

आता नोटीस. दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहतोय तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे ती द्यायची. ती ऑफिसात लावतात, ३० दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदार घेऊन लग्न, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत ते उरकायचं नाहीतर परत नोटीस. मुलीचा कायमचा पत्ता साताऱ्याचा असेल तर एक प्रत साताऱ्याच्या ऑफिसातही लागते हे लक्षात ठेवा, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो, कुणीतरी येतो, मोबाईलवर फोटो काढतो आणि संध्याकाळपर्यंत तो भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असतो. अलाहाबाद हायकोर्टाने २०२१ मध्ये म्हटलं होतं की जोडप्याला नको असेल तर नोटीस लावायची सक्ती नको, पण ते तिकडचं, आपल्याकडे नोटीस लागणार असंच धरून चाला आणि त्याआधी दिरांना स्वतः सांगून टाका.

हरकत कुणीही घेऊ शकतं पण ती मोजक्या मुद्द्यांवरच, आधीचं लग्न कायम आहे, मुलगा २१ चा किंवा मुलगी १८ ची झालेली नाही, मानसिक आजारामुळे संमती देता येत नाही, किंवा नातं निषिद्ध आहे. काकांना पसंत नाही हा मुद्दा त्यात नाही (हे दिरांना वाचून दाखवलंत तरी चालेल). कुणी धमकी दिली तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करा, पोच घ्या. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष ठेवायला सांगितलंय. अजून एक, या लग्नानंतर हिंदू मुलगी एकत्र कुटुंबातून कायद्याने वेगळी धरली जाते आणि तिच्या पश्चात तिची मालमत्ता १९२५ च्या वारसा कायद्याने वाटली जाते, तेव्हा वडिलोपार्जित जमीन असेल तर वकिलाला आधीच विचारा.

राहिली सलोख्याची गोष्ट. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली, तर मुंबईत आणि बऱ्याच गावांत मुस्लिमांनी आपला जुलूस दुसऱ्या दिवशी काढला. तुमच्या शेजारच्या सांगलीत, वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत तर मशिदीत गणपती बसतो. हा सलोखा, कारण ज्यांनी सोडलं त्यांनी स्वतःचं सोडलं, आपणहून. तुमचे दीर मागतायत ते पुतणीचं, आणि तेही तिला न विचारता. गाव गुण्यागोविंदाने राहतंय ना, मग एका पोरीच्या लग्नाने ते मोडणार असेल तर गावाने जरा स्वतःकडे बघावं.

प्रश्न : आमच्या गल्लीत एका टोकाला देऊळ, दुसऱ्या टोकाला मशीद, दोन्हीकडे भोंगे. बायकोचं बायपास झालंय. तक्रार केली तर मी कुणाच्या तरी धर्माच्या विरोधात ठरणार. गप्प बसू का? – निवृत्त शिक्षक, नाशिक

उत्तर : सर, गप्प बसू नका. २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम सगळ्यांना सारखे आहेत, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, सणासुदीला सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. भोंगा हा धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असं मुंबई हायकोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये परत सांगितलं, आणि तक्रार करणाऱ्याची ओळख न विचारता पोलिसांनी कारवाई करावी असंही. तक्रारीत देवाधर्माचं नाव घालूच नका. तारीख, वेळ, ठिकाण, किती वेळ चाललं, एवढंच, आणि दोन्ही टोकांची तक्रार एकाच कागदावर. एकाचीच केलीत तर मात्र तुम्ही म्हणताय तेच होईल आणि मग तुमची बाजू मांडायला मलाही जड जाईल. त्याआधी एकदा विश्वस्तांना भेटा, आजारी माणूस घरात आहे म्हटल्यावर बरेच जण आवाज कमी करतात.

प्रश्न : मुलाच्या शाळेच्या फॉर्मवर धर्माच्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं तर क्लार्क घेत नाही. – एक बाबा, ठाणे

उत्तर : धर्म सांगायची सक्ती सरकार करू शकत नाही, ‘मला धर्म नाही’ असं म्हणायचा हक्क आहे, हे मुंबई हायकोर्टाने २०१४ मध्येच सांगितलंय. त्या निकालाची प्रिंट जोडून मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, क्लार्कशी हुज्जत घालू नका, त्याच्या हातात काही नसतं. फक्त पुढे जातीचा दाखला काढायचा असेल तर थांबून विचार करा, तिथे शाळेच्या दाखल्यावरची नोंद बघतात आणि ती नंतर बदलून घेताना चपला झिजतात.