आधी झाकण उघडा, मग पाकीट

लॅपटॉपची रॅम आणि डिस्क वाढवण्याबद्दलचे प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : २०२० साली घेतलेला लॅपटॉप आहे. इंटेलचा आय-थ्री प्रोसेसर, दहावी पिढी, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क. सुरू होईपर्यंत चहा होऊन पिऊनही होतो. एक दुकानदार म्हणतो ८ जीबी रॅम टाका, दुसरा म्हणतो एसएसडी लावा. दोन्ही खर्च एकदम झेपणारे नाहीत. मंडळाच्या गणेशोत्सवाच्या पत्रिका आणि अहवाल यावरच होतात. आधी काय करावं? (राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर : आधी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली, चिपांवर साठवणारी डिस्क. पण खात्री स्वतः करून घ्या. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘परफॉर्मन्स’खाली डिस्कचा आलेख पाहा. तो १०० टक्क्यांना चिकटून बसलाय आणि प्रत्यक्ष वेग मात्र सेकंदाला एक-दोन एमबीच दिसतोय, तर घोडं डिस्कपाशीच अडलंय. मिनिटाला ५४०० फेऱ्यांची हार्ड डिस्क एक मोठी फाइल सलग वाचताना सेकंदाला १०० एमबीच्या आसपास देते. विंडोज सुरू होताना मात्र हजारो बारीक फायली डिस्कभर विखुरलेल्या असतात आणि दर वेळी योग्य जागी पोचायला तिच्या वाचणाऱ्या सुईला १०-१५ मिलिसेकंद लागतात. एसएसडीत सुईच नाही. शिवाय ४ जीबी रॅम भरली की विंडोज उरलेलं सामान डिस्कवर ठेवतं आणि लागेल तसं काढतं, त्यामुळे डिस्क वेगवान झाली की रॅमची चणचणही कमी जाणवते.

आता ‘मेमरी’वर टिचकी मारा. ‘फॉर्म फॅक्टर’समोर ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली आहे. ‘एसओडिम’ असेल तर पट्टी निघते. स्वस्त लॅपटॉपांत बरेचदा ४ जीबी सोल्डर केलेली आणि शेजारी एक स्लॉट असतो. तिथे पुढे-मागे ८ जीबीची डीडीआर४ पट्टी लावली की १२ होतील. दहाव्या पिढीचे काही आय-थ्री रॅम २६६६ च्या वेगाने चालवतात, काही ३२०० च्या. दुकानात ३२०० ची पट्टी मिळेल. प्रोसेसर २६६६ चा असला तर ती आपोआप २६६६ वर चालते, काही बिघडत नाही. टास्क मॅनेजर सांगतो ती स्लॉटची संख्या मात्र कधीकधी चुकते. म्हणून सिल्व्हर मॉलच्या कॉम्प्युटर बाजाराची फेरी मारण्याआधी झाकण उघडून पाहाच. रॅमचे भाव २०२५ च्या शेवटापासून चढले आहेत, चुकीची पट्टी घरात पडून राहणं परवडणारं नाही.

उघडताना शिफ्ट धरून ‘शट डाउन’ करा, नाहीतर विंडोज पुरतं बंद होत नाही. चार्जर काढा. खालचे सगळे स्क्रू काढूनही झाकण हलत नसेल तर जोर लावू नका, एखाद-दोन स्क्रू रबरी पायांखाली दडलेले असतात. कागदावर लॅपटॉपच्या पाठीचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी ठेवा. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला की वरच्या बाजूला, हात टेकतो तिथे टेंगूळ येतं. कडेच्या खुंट्या जुन्या प्लास्टिक कार्डाने सोडवायच्या, पेचकसाने नाही. आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीचा जोड काढण्याचं. प्लग धरून ओढा, वायर धरून नव्हे. मग पॉवरचं बटण १०-१५ सेकंद दाबून ठेवा. माळव्याच्या कोरड्या थंडीत लोकरीचा स्वेटर घालून हे काम करू नका. कपडे काढताना जी ठिणगी चटकते तीच चिप मारते.

एसएसडी ५१२ जीबीची पुरे. आत एम-डॉट-टूचा (पट्टीसारखी छोटी एसएसडी बसते तो) रिकामा स्लॉट असेल तर तिथे, नसेल तर हार्ड डिस्कच्या जागी अडीच इंची साटा, म्हणजे हार्ड डिस्कच्याच जोडणीची एसएसडी. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल करण्यापेक्षा विंडोज नव्याने टाकावं असं आमचं मत. पाच वर्षांचा कचरा नव्या घरात न्यायचा कशाला? ८ जीबीचा पेन ड्राइव्ह आणि त्यावर विंडोज भरून देणारं मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल एवढं लागतं. विंडोज लॅपटॉपसोबतच आलेलं असेल तर त्याचा परवाना मदरबोर्डाशी बांधलेला असतो, त्यामुळे ‘प्रॉडक्ट की’ विचारली तर ‘माझ्याकडे नाही’ निवडा. नवं टाकताना जुनी डिस्क काढून ठेवा. लोक इथेच फसतात. दोन्ही जोडलेल्या असल्या की विंडोज जातं नव्या डिस्कवर, पण ते सुरू करणारा छोटा ईएफआय भाग जुनीवरच राहू शकतो. मग सहा महिन्यांनी जुनी डिस्क काढली की लॅपटॉप सुरूच होत नाही.

आणि तुमच्यासाठी खास : पत्रिका श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टांत असतील तर सी ड्राइव्हवरच्या ‘विंडोज’मधला ‘फॉन्ट्स’ फोल्डर आधी उतरवून घ्या. ते फॉन्ट नसले की गेल्या दहा वर्षांच्या आरत्या आणि जमाखर्च रोमन अक्षरांचा गिचमिड काला होऊन समोर येतो. डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असेल तर ती उघडणारे आकडे (‘रिकव्हरी की’) मायक्रोसॉफ्ट खात्यातून आधीच कागदावर उतरवा. तुमच्याजवळ ते आकडे नसतील तर जुनी डिस्क दुसरीकडे जोडून उपयोग नाही.

प्रश्न : एनव्हीएमई एसएसडी आणली, स्लॉटमध्ये व्यवस्थित बसली, पण दिसतच नाही. माल खराब निघाला का? (रामबाग, इंदूर)

उत्तर : बसली म्हणजे चालेल असं नाही. एम-डॉट-टू हा नुसता आकार आहे. त्यातून जुनी, संथ साटा जोडणी धावते की नवी, वेगवान एनव्हीएमई, हे बोर्ड ठरवतो. काही स्वस्त बोर्डांवर एनव्हीएमई बसते, पण मागे जोडणी फक्त साटाची असते. सोनेरी दातांची कड पाहा : एनव्हीएमईला बहुधा एकच खाच असते, साटाला दोन. आता बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये जा. तिथेही नाव नसेल तर स्लॉट साटाचा असण्याचीच शक्यता जास्त. कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये तुमच्या मॉडेलपुढे ते लिहिलेलं असतं, नंतर माल बदलून आणा. बायोसमध्ये दिसते पण विंडोज टाकताना यादीत येत नाही, तर गोष्ट वेगळी. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून हे सर्रास होतं. इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घेऊन ‘लोड ड्रायव्हर’मधून द्या.

लांबीही तपासा. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब. २२४२ ला जागा असलेल्या लॅपटॉपमध्ये ती मावणार नाही. शेवटचा बारीक स्क्रू नवीन एसएसडीसोबत बरेचदा येत नाही, तो मागून घ्या. टेप चिकटवू नका.

प्रश्न : रॅम लावल्यावर पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा काळाच. (सुदामानगर, इंदूर)

उत्तर : पहिल्यांदा दोन-तीन मिनिटं थांबा. नवी रॅम ओळखून जुळवून घ्यायला बोर्डाला वेळ लागतो, डीडीआर५ ला जरा जास्तच. तरीही काळाच राहिला तर बॅटरी सोडवून पट्टी काढा आणि पुन्हा बसवा : तिरपी धरून पूर्ण आत ढकला, सोनेरी दातांची जेमतेम रेघ बाहेर दिसली पाहिजे, मग खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा ‘टक्’ ऐकू आला पाहिजे. एकच चिमटा लागला तर नेमका हाच प्रकार होतो. लॅपटॉप डीडीआर३ च्या काळातला असेल तर पट्टीवरचं लेबल वाचा. ‘पीसी३’नंतर ‘एल’ असेल तर ती १.३५ व्होल्टची, नसेल तर १.५ ची. इंटेलच्या चौथ्या पिढीपासूनच्या त्या काळातल्या लॅपटॉपांना ‘एल’वालीच लागते.

प्रश्न : रायझन (एएमडीचा प्रोसेसर) असलेल्या लॅपटॉपमध्ये ८ आणि ८ अशी १६ जीबी झाली, पण वापरायला १३.९ दाखवतो. दुकानदाराने फसवलं? (टिळकनगर, इंदूर)

उत्तर : नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलं की चित्र काढण्यासाठी रॅममधूनच वाटा जातो, तुमच्याकडे साधारण २ जीबी. काही बायोसमध्ये तो ५१२ एमबीपर्यंत उतरवता येतो, पण हात लावू नका. दोन पट्ट्यांमुळे ग्राफिक्सला रॅमपर्यंत जायला दोन रस्ते मिळालेत, त्याचा फायदा त्या २ जीबीपेक्षा मोठा आहे.

प्रश्न : मुलीचा छोटा लॅपटॉप, सेलेरॉन प्रोसेसर, ४ जीबी रॅम, डिस्कच्या जागी ६४ जीबी ईएमएमसी चिप. काय वाढवता येईल? (लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर : ईएमएमसी बोर्डावर सोल्डर केलेली असते आणि अशा लॅपटॉपांत रॅमही बहुधा तशीच. काही मॉडेलांत एम-डॉट-टूचा रिकामा स्लॉट सोडलेला असतो. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये तो सापडला तरच पुढे जा. नसेल तर फायली मेमरी कार्डावर हलवा आणि सी ड्राइव्हवर १५-२० जीबी मोकळी ठेवा, नाहीतर विंडोजचं मोठं अपडेट दर वेळी अर्ध्यात अडकेल.