मोजणीच्या दिवशी बांधावर उभी राहा

पोरी,

तुझा निरोप वाचला. औद्योगिक महामंडळासाठी तुमची जमीन घ्यायची म्हणून मोजणी होणार. सोबतची पोरं म्हणतात मोजणी उधळून लावू, वडील म्हणतात बांधावर उभं राहून एकेक झाड मोजून घेऊ, आणि तू मधल्या मधे अडकलीस. रास्ता रोकोत तू पुढं होतीस हे कळलं. त्याबद्दल वेगळं काही सांगत नाही. रान आपलं आहे, बसायलाच पाहिजे. पण उठताना पोच घेतली का?

निवेदन दिलं म्हणतेस. साहेब गाडीतून उतरले, फोटो झाला, कागद घेऊन गेले. तुमच्या हातात काय राहिलं? फोटो! दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का, तारीख आणि सही नसेल तर असं काही आलंच नाही म्हणायला कार्यालय मोकळं.

ऐंशी टक्के शेतकऱ्यांची संमती नसेल तर जमीन घेताच येत नाही, असं भाषणात ऐकून आलीस. ती अट 2013 च्या कायद्यातली, खासगी कंपनीसाठी जमीन घेतात तेव्हाची. औद्योगिक महामंडळासाठी घेतात ती 1961 च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास कायद्यानं, आणि त्यात संमतीची अट नाही. त्यात आहे कलम 32 ची नोटीस: जमीन का घेऊ नये ते सांगा. सांगितलं तर ऐकून घ्यावं लागतं. तुमचा नकार तिथं, मुदतीच्या आत, लेखी गेला पाहिजे. गावानं नोटिसा परत पाठवल्या याचा तुम्हाला अभिमान वाटतो. मला राग येतो. नोटीस दाराला चिकटवून जातात आणि मुदत संपते, तेव्हा काय करणार आहात?

माझं माहेरचं रान नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या पाण्याखाली आहे. वडिलांना साहेबांनी तोंडी सांगितलं होतं, बघून घेतो. कागद एक नाही. ते मला अजून सलतं, म्हणून सासरची जमीन जायची वेळ आली तेव्हा मी बांधावरून हलले नाही. फळावर आलेल्या मोसंबीला त्यांनी रोपं लिहिलं. विहिरीची सातबाऱ्यावर नोंद नाही म्हणून विहीर सोडली आणि रान जिरायत धरलं. मोटार चालू होती, आळ्यांत पाणी साचलेलं, साहेबांच्या बुटाला चिखल लागलेला, आणि कागदावर जिरायत! पंचनाम्यावर सही मागितली. मी सहीच्या वर लिहिलं: झाडांचं वय चूक, विहीर घेतलेली नाही, जमीन देण्यास हरकत कायम. दुसऱ्या दिवशी तोच मजकूर अर्जात दिला आणि पोच घेतली. पुढं फायलीत अर्ज सापडेना. मी पोच टेबलावर ठेवली तेव्हा फेरपाहणी झाली आणि विहीर धरली.

गावानं मला फितूर म्हटलं. झाडं मोजून घेणं म्हणजे जमीन देणं नव्हे, हे मी तेव्हाही ओरडून सांगत होते. काही घरं आजही मला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत. ज्यांनी मोजणीकडं पाठ फिरवली त्यांची जमीन वाचली का? तीही गेली, आणि विहीर हिशेबात न धरता गेली. शेवटच्या ठिय्यापर्यंत मी बसलेली होते, कागदांची पिशवी मांडीवर घेऊन. मी लढाई सोडली असं तुला कुणी सांगितलं तर ऐकू नकोस.

गायरान कसणाऱ्यांचे अर्ज आधी लिहून दे. त्यांचं नाव सातबाऱ्यावर नाही, त्यांना कुणी विचारायलाही येणार नाही. त्यांचीही पोच घे.

आणि एवढं करून जमीन गेलीच, तर पैसे उचलताना पावतीवर स्वतःच्या हातानं लिहायचं: हरकत राखून रक्कम स्वीकारली. 1894 च्या कायद्यात हे होतं, 2013 च्या कायद्यातही ठेवलंय. मुकाट्यानं पैसे घेतले तर वाढीव मोबदला मागायचा रस्ता बंद होतो. कारकून म्हणेल, असं लिहिता येत नाही. येतं. लिहून झाल्याशिवाय खिडकी सोडू नका.

आता सातबारा, फेरफार, ई-पीक पाहणीच्या नोंदी आणि मोटारीचं वीजबिल दोन-दोन प्रतींत काढून ठेव. विहिरीचे आणि बागेचे फोटो तारखेसकट काढ. मोजणीची तारीख कळली की मला फोन कर, मी बांधावर येते. तोवर वडिलांना सांग, कोऱ्या फॉर्मवर सही करू नका.

तुझी मावशी