तारली गेली कुठे?

प्रश्न : ताई, आमची रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) तीन पिढ्यांची. माझे वडील म्हणायचे, पर्ससीन (बोटीवरून थव्याला वेढून तळ आवळायचं जाळं) आली आणि तारली गेली. मुलगा म्हणतो, हवामानामुळे गेली. घरात यावरून वाद होतो. खरं कोणाचं? – एक वाचक, मालवण

उत्तर : दादा, दोघांचंही खरं आहे. आधी मुलाची बाजू सांगते, कारण बंदरावर ती कुणी ऐकून घेत नाही.

माझी आई हर्णैला मासे विकायची. तारलीची पाटी रिकामी झाली की तळाला खवल्यांचा चंदेरी थर उरायचा. या माशाचे खवले हात लागताच गळतात. पुढे मत्स्यशास्त्र शिकताना कळलं की अशाच गळलेल्या खवल्यांवरून माशांचा इतिहास वाचला गेला आहे. कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ समुद्रात एक खोलगट भाग आहे. तिथे तळाशी प्राणवायू जवळजवळ नाही, म्हणून चिखल उकरणारे जीवही नाहीत. दरवर्षीचा गाळ थरावर थर तसाच राहतो. अँड्र्यू साउटर आणि जॉन आयझॅक्स यांनी १९६९ साली त्या थरांतले खवले मोजले. १९९२ पर्यंत सुमारे १,७०० वर्षांचा हिशेब लागला. तिथला सार्डिन, म्हणजे आपल्या तारलीचाच भाऊबंद, या काळात साधारण नऊ वेळा कोसळला आणि पुन्हा वाढला. सावरायला सरासरी ३० वर्षं. तेव्हा ना पर्ससीन होती, ना डबाबंद माशांचे कारखाने.

प्रशांत महासागराचं पाणी वीस-तीस वर्षं एका किनाऱ्याला उबदार राहतं, मग पुढची वीस-तीस वर्षं थंड. त्याबरोबर वारे बदलतात, तळाचं सकस पाणी वर येण्याचं प्रमाण बदलतं. मोठा मासा त्यातून तगून जातो. अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू मात्र पहिल्या काही दिवसांत प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, मिळाले नाहीत तर मरतं. अशी सलग चार-पाच वर्षं गेली की जाळी रिकामी. गंमत बघा, कॅलिफोर्नियाच्या सार्डिनला उबदार काळ मानवतो, तर जपानच्या सार्डिनला थंड.

आता वडिलांचं. १९३६-३७ च्या हंगामात कॅलिफोर्नियात सात लाख टनांवर सार्डिन पकडला गेला. मग पाणी थंड होऊ लागलं, पिल्लं जगेनात, तरी उपसा चालूच राहिला. वाईट वर्षं निभावून पुन्हा अंडी घालणारे थोराड मासेच संपवले. थेट मासेमारीवर बंदी यायला १९६७ उजाडलं. मासा परत यायला आणखी बरीच वर्षं लागली. ओहोटी निसर्गाची होती, पण ती इतकी खोल माणसाने नेली, असं माझं ठाम मत आहे.

आपल्या किनाऱ्यावर केरळचे आकडे पाहा. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदीत २०१२ साली तिथे ३.९ लाख टन तारली आहे. २०२१ मध्ये अवघी ३,२९७ टन. शास्त्रज्ञ यामागे एल निनो, पाऊस आणि वर येणाऱ्या सकस पाण्यातले बदल दाखवतात. पण बोटभर पिल्लंही जाळ्यात जात होती. १० सेंटिमीटरखालची तारली पकडायला केरळात मनाई आहे, ती याचसाठी.

दादा, रापणीत वाटे घालताना हिशेब लिहायची पद्धत असते. तुमच्या आजोबांच्या वह्या माळ्यावर असतील तर वाळवी लागू देऊ नका. कोणत्या साली किती तारली लागली, एवढी पानं झेरॉक्स करून मासिकाच्या पत्त्यावर पाठवाल का?