आय-४८५ (ग्रीन कार्डसाठीचा अर्ज) पेंडिंग असताना अमेरिकेत ड्रायव्हिंग लायसन्स रिन्यू होतं का?

होतं. २००५ च्या रिअल आयडी कायद्यात (लायसन्स-ओळखपत्रांचे देशभरचे किमान निकष ठरवणारा कायदा) आय-४८५ किंवा असायलमचा (आश्रयाचा) अर्ज पेंडिंग असलेल्यांना मुदतीचं लायसन्स देण्याची तरतूद आहे. ते तुमच्या मंजूर वास्तव्यापुरतं असतं. ती तारीख ठरलेली नसेल तर जास्तीत जास्त एक वर्षाचं. पासपोर्ट, आय-७९७सी (अर्ज मिळाल्याची पावती), सोशल सिक्युरिटी नंबर, पत्त्याचे दोन पुरावे आणि मिळालं असेल तर ईएडी कार्ड (काम करण्याचा परवाना) न्या. ईएडी असेल तर काम लवकर होतं, नुसत्या पावतीवर काउंटरवाले कधीकधी अडून बसतात.

काम अडतं ते बहुधा ‘सेव्ह’ या ऑनलाइन तपासणीत. डीएमव्ही (लायसन्स देणारं राज्याचं खातं) तुमची माहिती सरकारी इमिग्रेशन नोंदींशी ताडून पाहते. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं. ते पासपोर्टवर एका रकान्यात आणि आय-७९७ वर दुसऱ्यात पडलं, की केस पुढच्या तपासणीला जाऊ शकते. अशा वेळी तिथेच व्हेरिफिकेशन केस नंबर मागून घ्या, ‘सेव्ह केसचेक’ या वेबसाइटवर स्टेटस बघा आणि तपासणी पूर्ण झाली की परत जा. तोवर मुदत संपलेल्या लायसन्सवर गाडी मात्र चालवू नका.

कागदपत्रांची नेमकी यादी राज्यागणिक बदलते, ती आपल्या डीएमव्हीच्या साइटवर बघा. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्कसारख्या राज्यांत रिअल आयडी नसलेलं साधं लायसन्स इमिग्रेशन स्टेटस न बघताही मिळतं.